विश्लेषण : थ्रीडी प्रिंटच्या डब्याचे आटे का जातात? पितळी इन्सर्ट बसवण्याचे अवजार आपल्याच जिल्ह्यात कसे बनू शकते?

थ्रीडी प्रिंटर आता शाळांच्या प्रयोगशाळांपर्यंत पोहोचला आहे. त्यावर सेन्सरचा डबा, सौर दिव्याचे कवच किंवा एखादा ब्रॅकेट छापणे फारसे अवघड राहिलेले नाही. अडचण येते ती नंतर. बॅटरी बदलण्यासाठी चार-सहा वेळा झाकण उघडले की स्क्रू जागच्या जागी फिरू लागतो आणि चांगला चालणारा डबा केवळ बंद होत नाही म्हणून निकामी ठरतो. यावर उपाय आहे तो वाटाण्याएवढ्या पितळी इन्सर्टचा. मात्र तो सरळ बसवायचा तर साधे सोल्डरिंग आयर्न पुरत नाही, त्यासाठी खास अवजार लागते. चंद्रपूर आणि गडचिरोलीसारख्या उन्हाच्या, पावसाच्या आणि लांब अंतरांच्या जिल्ह्यांत हे अवजार कोण आणि कसे बनवू शकेल, याचा हा आढावा.

प्लास्टिकमधले आटे का जातात?

छोट्या उपकरणांमध्ये एम ३ हा स्क्रू सर्वाधिक वापरला जातो. त्याचा व्यास ३ मिमी आणि दोन आट्यांमधले अंतर अर्धा मिमी असते. म्हणजे ६ मिमी खोल छिद्रात जेमतेम १२ आटे सगळा ताण पेलतात. हे आटे पोलादात किंवा पितळेत असतील तर प्रश्न येत नाही. प्लास्टिकमध्ये मात्र पोलादी स्क्रू दर वेळी आपला मार्ग थोडा थोडा कोरत जातो. जुन्या मार्गावर न बसता तो तिरका गेला तर नवे आटे पाडतो आणि जुने उडवतो.

दुसरे कारण दिसत नाही, पण तितकेच खरे आहे. सतत ताणाखाली राहिलेले प्लास्टिक हळूहळू सरकते. आज घट्ट आवळलेला स्क्रू दोन महिन्यांनी आपोआप सैल झालेला आढळतो तो यामुळेच. थ्रीडी प्रिंटमध्ये आणखी एक कमजोरी असते. वस्तू थरांवर थर देऊन तयार झालेली असल्याने स्क्रूच्या दाबाने ती थरांच्या जोडावर चिरते.

जुने मिस्त्री प्लास्टिकमध्ये स्क्रू लावताना तो आधी उलटा फिरवतात. ‘टक्’ असा हलका धक्का बोटाला लागला की स्क्रू जुन्या आट्यावर आला, असे समजून मग सुलटा आवळतात. या युक्तीने आटे जास्त दिवस टिकतात, पण वारंवार उघडाव्या लागणाऱ्या डब्याला तेवढे पुरेसे नाही.

हीट-सेट इन्सर्ट म्हणजे काय?

हा पितळेचा छोटा पोकळ तुकडा असतो. त्याच्या आत नेहमीच्या स्क्रूचे आटे असतात आणि बाहेरून तिरप्या खाचा पाडलेल्या असतात. कारखान्यात या खाचांना नर्लिंग म्हणतात. बहुतेक इन्सर्टवर खाचांचे दोन पट्टे असतात, एकाचा तिरपेपणा उजवीकडे तर दुसऱ्याचा डावीकडे. दोन्हींच्या मध्ये एक खोलगट चर असते. इन्सर्ट तापवून किंचित लहान छिद्रात दाबला की भोवतालचे प्लास्टिक वितळून खाचांमध्ये आणि चरीत शिरते व थंड होऊन घट्ट होते. खाचांमुळे इन्सर्ट फिरत नाही, चरीमुळे तो वर ओढला जात नाही. पुढे स्क्रू कितीही वेळा काढा-घाला, झीज होते ती धातूवर धातूची, म्हणजे नगण्य.

पितळच का, याला तीन कारणे आहेत. ते उष्णता पटकन वाहून नेते, गंजत नाही आणि लेथवर सहज कापले जाते. स्टेनलेस स्टीलच्या तुलनेत पितळेची उष्णतावाहकता सात-आठ पट असते. गुजरातमधील जामनगर हे देशातील पितळी सुट्या भागांचे मोठे केंद्र असून असे इन्सर्टही तिथे बनतात.

हे तंत्र फक्त तापल्यावर मऊ होणाऱ्या प्लास्टिकसाठी आहे. जुन्या काळ्या स्विचचे बॅकेलाइट एकदा घट्ट झाले की पुन्हा वितळत नाही. त्यात पितळी भाग दिसतात ते साच्यात ओततानाच बसवलेले असतात.

सोल्डरिंग आयर्नने काम भागत नाही का?

एखाद-दुसऱ्या वेळी भागते. पण आयर्नचे टोक निमुळते असते. ते इन्सर्टला वरच्या काठावर टेकते, त्यामुळे वरचा भाग जास्त आणि खालचा कमी तापतो. टोक आट्यांमध्ये रुतून बसते आणि हात वर उचलला की बसवलेला इन्सर्टही सोबत वर येतो. त्यातच तापमान नियंत्रण नसलेले साधे आयर्न ३०० अंशांच्या पुढे जाते. एवढ्या उष्णतेने प्लास्टिक पातळ होऊन आट्यांतून वर येते किंवा करपते.

सर्वात मोठे नुकसान होते ते तिरपेपणामुळे. हातात धरलेले आयर्न पाच अंशांनी कलले, तरी डोळ्यांना ते जाणवत नाही. पण इन्सर्ट पाच अंश कलला तर त्यातून २० मिमी बाहेर येणारा स्क्रू टोकाशी पावणेदोन मिमी सरकलेला असतो. झाकणातील एम ३ च्या छिद्रात साधारण अर्ध्या मिमीपेक्षाही कमी मोकळीक ठेवलेली असते. चार कोपऱ्यांपैकी एक इन्सर्ट असा बसला की झाकण लागत नाही आणि दहा तास छापलेला डबा टाकून द्यावा लागतो.

मग अवजारात नेमके काय असते?

तीन गोष्टी : योग्य आकाराचे टोक, सरळ खाली आणणारी चौकट आणि ठरावीक खोलीवर थांबवणारा अडसर.

टोक पितळेच्या किंवा तांब्याच्या दांडीतून काढतात. त्याच्या पुढच्या भागाला एक बारीक खुंटी असते. एम ३ इन्सर्टच्या आतील सर्वात अरुंद व्यास सुमारे २.५ मिमी असतो, म्हणून खुंटी २.३ ते २.४ मिमी जाडीची ठेवतात आणि टोकाकडे किंचित निमुळती करतात. त्यामुळे ती आट्यांत न अडकता सुटून येते. खुंटीची लांबी इन्सर्टपेक्षा थोडी कमी असते. खुंटीमागे सपाट खांदा असतो. इन्सर्टच्या माथ्यावर टेकतो तो हा खांदा आणि उष्णता मुख्यतः त्यातूनच उतरते. खांदा अगदी काटकोनात कापलेला असला की इन्सर्ट आपोआप सरळ राहतो.

दांडीचे मागचे टोक आयर्नप्रमाणे ठरते. ज्या आयर्नचा बिट सरळ दांडीसारखा असून बाजूच्या स्क्रूने आवळलेला असतो, त्यात त्याच जाडीची दांडी चालते. पोकळ बिट हीटरवर सरकवण्याचा प्रकार असेल तर मागून छिद्र पाडावे लागते. आयटीआयमध्ये टर्नर ट्रेड शिकणाऱ्या विद्यार्थ्यासाठी हे पायरी कापण्याचे आणि छिद्र पाडण्याचे सरावाचे काम आहे. लेथ नसेल तर दांडी ड्रिल मशीनच्या चकमध्ये पकडून, फिरत असताना बारीक कानशीने घासून आणि व्हर्नियर कॅलिपरने मोजत मोजत टोक तयार करता येते. वेळ लागतो, पण जमते.

या टोकाने सोल्डरिंग मात्र कधीही करू नये. टोकाला लागलेले कथील वितळून पितळी इन्सर्टला चिकटते आणि टोक व इन्सर्ट एकमेकांना कायमचे जोडले जातात. आयर्न एकच असले तरी या कामाचा बिट वेगळा ठेवावा.

चौकट बनवताना काय पाहायचे?

चौकट म्हणजे लहान ड्रिल स्टँडच. दोन उभ्या गुळगुळीत पोलादी दांड्या, त्यावर वर-खाली सरकणारा कप्पा आणि कप्प्याला आवळलेले आयर्न. ८ मिमीच्या दांड्या आणि त्यावर चालणारे लिनिअर बेअरिंग थ्रीडी प्रिंटरमध्येही असतात. त्यामुळे बंद पडलेल्या जुन्या प्रिंटरचे हे भाग इथे कामी येतात. तेही नसतील तर फर्निचरच्या दुकानात मिळणारे ड्रॉवरचे बॉल-बेअरिंग चॅनल उभे लावता येते, फक्त त्यात खेळ नाही ना हे तपासावे.

कप्प्याला वर ओढून धरणारी स्प्रिंग किंवा मागे लटकणारे वजन हवे. हात सुटला तर गरम आयर्न खाली न येता वर जावे, हा त्यामागचा उद्देश. आयर्न पकडणारा भाग प्लास्टिकचा नको. पत्र्याची पट्टी आणि अधे-मध्ये उष्णतारोधक वॉशर चालतात. पायाला जाड प्लायवुड किंवा सागाची फळी घेता येते. लाकूड पावसाळ्यात फुगते, म्हणून दांड्या पायाशी काटकोनात आहेत का, हे गुण्या लावून अधूनमधून पाहावे लागते.

अडसर सर्वात सोपा आहे. दांडीवर स्क्रूने आवळायची एक कडी. खांदा प्लास्टिकच्या पृष्ठभागापासून अर्धा मिमी वर असताना कप्पा थांबेल, अशी ती लावतात. उरलेला अर्धा मिमी गरम टोकाने दाबत नाहीत. आयर्न बाजूला करून लगेच थंड, सपाट धातूचा ठोकळा इन्सर्टवर दाबून धरतात. इन्सर्ट पृष्ठभागाशी समपातळीत येतो, वर आलेले प्लास्टिक सपाट होते आणि ठोकळा उष्णता शोषून घेत असल्याने ते पटकन घट्टही होते.

तापमान, छिद्र आणि वेळ किती?

ज्या तापमानाला वस्तू छापली, तेवढेच किंवा त्याहून १० ते २० अंश जास्त, हा सोपा नियम. पीएलएसाठी साधारण २२० अंश, पीईटीजीसाठी २४० ते २५० आणि एबीएससाठी २५० ते २६० अंशांपासून सुरुवात करावी. तापमान दाखवणारे आयर्न नसेल तर थर्मोकपल असलेल्या मल्टिमीटरने टोकाचे तापमान मोजता येते.

सुमारे ४.६ मिमी बाह्य व्यासाच्या प्रचलित एम ३ इन्सर्टला ४ मिमीचे छिद्र लागते. उत्पादकागणिक माप बदलते, त्यामुळे पुडीवरचे माप पाहणे आवश्यक. छिद्राची खोली इन्सर्टपेक्षा एक-दोन मिमी जास्त ठेवावी, म्हणजे ढकलले गेलेले प्लास्टिक तळाशी मावते. छिद्राभोवती किमान दोन मिमी भरीव भिंत हवी. छपाईच्या सेटिंगमध्ये बाहेरील भिंतींची संख्या चारपर्यंत वाढवली की हे साधते.

बसवताना जोर लावायचा नाही. टोक टेकवून काही सेकंद थांबायचे. पितळ तापले की आयर्नच्या वजनानेच इन्सर्ट उतरू लागतो. जोर लावावा लागत असेल तर तापमान कमी आहे आणि झर्रकन खाली जात असेल तर जास्त आहे, असे समजावे.

रचना करतानाच एक गोष्ट ठरवता आली तर उत्तम. इन्सर्ट शक्य तिथे स्क्रू ज्या बाजूने येतो त्याच्या विरुद्ध बाजूने बसवावा. मग स्क्रू आवळताना इन्सर्ट बाहेर ओढला जाण्याऐवजी प्लास्टिकमध्ये आणखी रुततो.

चंद्रपूरच्या उन्हात हे टिकते का?

टिकते, पण प्लास्टिक योग्य निवडले तरच. चंद्रपूर आणि ब्रह्मपुरीची गणना देशातील सर्वाधिक तापणाऱ्या ठिकाणांत होते. मे महिन्यात पारा ४५ अंश ओलांडतो, काही वर्षी ४७ च्याही पुढे जातो. ही नोंद सावलीतील हवेची असते. उन्हात ठेवलेला बंद, गडद रंगाचा डबा याहून बराच अधिक तापतो. शाळांमध्ये सर्वाधिक वापरले जाणारे पीएलए सुमारे ६० अंशांना मऊ पडू लागते. म्हणजे पुण्याच्या प्रयोगशाळेत उत्तम ठरलेला डबा चंद्रपूरच्या छतावर वाकू शकतो आणि त्यातील इन्सर्ट आवळलेल्या स्क्रूच्या ओढीने वर येऊ शकतो.

पीईटीजी सुमारे ८० अंशांपर्यंत, तर एबीएस आणि एएसए १०० अंशांच्या आसपासपर्यंत आकार टिकवतात. त्यातही एएसए उन्हातील अतिनील किरणांना जास्त दाद देत नाही. बाहेर लावायच्या उपकरणासाठी पीएलए टाळणे आणि फिकट रंग निवडणे, या दोन गोष्टींनी निम्मे काम होते.

तापमानातील चढउतारही महत्त्वाचा आहे. तापल्यावर प्लास्टिक पितळेच्या तीन ते पाच पट प्रसरण पावते. रात्रीचे २० आणि दुपारचे ६५ अंश धरले तर इन्सर्टभोवती रोज सुमारे एक शतांश मिमीचा फरक पडतो. एका दिवसात त्याने काही बिघडत नाही. पण उथळ, घाईने बसवलेला आणि गरजेपेक्षा जास्त आवळलेला इन्सर्ट अशा शेकडो फेऱ्यांनंतर सैल होतो. खाचांमध्ये प्लास्टिक पूर्ण शिरले असेल तर तो टिकतो. म्हणजे प्रश्न पुन्हा बसवणाऱ्या अवजारावरच येतो.

या दोन जिल्ह्यांना याची गरज का?

गडचिरोली जिल्ह्याचा दोन तृतीयांशांहून अधिक भाग जंगल आहे. भामरागडसारखे तालुका मुख्यालय जिल्ह्याच्या ठिकाणापासून पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास आहे आणि पर्लकोटा नदीच्या पुराने अनेक पावसाळ्यांत त्याचा संपर्क तुटला आहे. अशा ठिकाणी पर्जन्यमापकाचा, सौर दिव्याचा किंवा आरोग्य केंद्रातील एखाद्या उपकरणाचा डबा बंद होत नसेल तर सुटा भाग नागपूरहून येईपर्यंत ओल आत शिरते आणि खराबी आतल्या सर्किटपर्यंत पोहोचते. दोन रुपयांच्या आट्यांमुळे हजारांचे यंत्र जाते.

जंगलातही उपकरणे वाढत आहेत. २०१८ च्या देशव्यापी व्याघ्रगणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरा ट्रॅप लावले गेले होते आणि त्याची नोंद गिनीज बुकात झाली. ताडोबा-अंधारी व्याघ्र प्रकल्पातही गणनेचा आधार हेच कॅमेरे आहेत. तयार कॅमेऱ्यांना बहुधा खटक्याचे झाकण असते, त्यांना इन्सर्टची गरज नसते. पण झाडावर कॅमेरा कोनात धरणारे ब्रॅकेट, पाणवठ्याची पातळी मोजणारे किंवा शेताच्या कडेला इशारा देणारे प्रायोगिक सेन्सर यांचे डबे थोड्याच संख्येने लागतात. थोड्या संख्येसाठी साचा परवडत नाही. तिथे थ्रीडी प्रिंट आणि पितळी इन्सर्ट हीच जोडी उपयोगी पडते.

स्थानिक पातळीवर कोण बनवू शकेल?

अटल इनोव्हेशन मिशन २०१६ मध्ये सुरू झाले. त्यातील अटल टिंकरिंग लॅबसाठी शाळेला २० लाख रुपयांपर्यंत अनुदान मिळते आणि या प्रयोगशाळांच्या साहित्यात थ्रीडी प्रिंटर असतो. दुसऱ्या बाजूला आयटीआयमध्ये लेथ, ड्रिल आणि टर्नर-फिटरचे निदेशक आहेत. शाळेकडे छपाई आहे पण धातूकाम नाही, आयटीआयकडे धातूकाम आहे पण छपाई नाही. इन्सर्टचे अवजार या दोघांना जोडणारे आहे.

महाराष्ट्रात याचा पायंडा जुना आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये पुणे जिल्ह्यातील पाबळला सुरू केलेल्या विज्ञान आश्रमात २००२ मध्ये फॅब लॅब उभी राहिली. अमेरिकेतील एमआयटीबाहेरच्या अगदी सुरुवातीच्या फॅब लॅबमध्ये तिची गणना होते. खुद्द गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने बालकांमधील न्यूमोनिया ओळखण्यासाठी वाळूचे घड्याळ आणि मणी वापरून श्वास मोजण्याचे साधन तयार केले होते. लिहिता-वाचता न येणाऱ्या दाईलाही ते वापरता यावे, हा त्यामागचा विचार. अवजार वापरणाऱ्याच्या हाताला बेतलेले असावे, हा धडा तिथून घेण्यासारखा आहे.

गरम अवजार हाताळताना कोणती काळजी?

या भागात हा प्रश्न औपचारिक नाही. राज्यात कुष्ठरोगाचे रुग्ण जास्त आढळणाऱ्या जिल्ह्यांमध्ये चंद्रपूर व गडचिरोली आहेत. औषधाने रोग बरा होतो, पण उशिरा उपचार मिळालेल्या व्यक्तीच्या हातांची गेलेली संवेदना अनेकदा परत येत नाही. बाबा आमटे यांनी वरोऱ्याजवळ उभारलेल्या आनंदवनात रोगमुक्त झालेल्या व्यक्तींनी अनेक उद्योग चालवून दाखवले आहेत. म्हणजे असे अवजार चालवणाऱ्या बोटांना चटका कळेलच, हे इथे गृहीत धरता येत नाही.

त्यासाठी बदल साधे आहेत. टोकाभोवती पत्र्याची जाळी, आयर्नपासून दूर असलेली जाड लाकडी मूठ, हात सुटताच वर जाणारा कप्पा आणि आयर्न चालू असताना ठळक दिसणारा दिवा. इन्सर्ट बोटांनी न धरता चिमट्याने ठेवायचा आणि नुकत्याच बसवलेल्या इन्सर्टला मिनिटभर हात लावायचा नाही. संवेदना शाबूत असलेल्यांनाही हे नियम तितकेच लागू आहेत. एबीएस आणि एएसए तापल्यावर निघणारा धूर त्रासदायक असतो, त्यामुळे काम खिडकीजवळ, वारा वाहता ठेवून करावे.

प्रत्येक वेळी इन्सर्टच हवा का?

नाही. जो डबा एकदा बंद करून पुन्हा उघडायचाच नाही, त्याला थेट स्क्रू चालतो. जिथे जागा आहे तिथे षट्कोनी खाच ठेवून साधा नट बसवता येतो. एम ३ नटची रुंदी ५.५ मिमी असते आणि तो अहेरी-सिरोंच्याच्या हार्डवेअर दुकानातही मिळू शकतो. मोठे कारखाने इन्सर्ट अल्ट्रासोनिक यंत्राने बसवतात, पण ते हजारोंच्या संख्येसाठी. ज्याचे झाकण वारंवार उघडावे लागते, भिंत पातळ आहे आणि नटला जागा नाही, तिथेच इन्सर्टचा खरा उपयोग.

नवे अवजार तयार झाले की आधी छापून बिघडलेल्या तुकड्यांवर पाच-सहा इन्सर्ट बसवून पाहावेत. थंड झाल्यावर त्यात लांब स्क्रू लावून गुण्याने सरळपणा तपासावा, मग एक इन्सर्ट उखडेपर्यंत आवळावा. इन्सर्ट गुळगुळीत बाहेर आला तर उष्णता कमी पडली. खाचांना चिकटलेले प्लास्टिक सोबत घेऊन आला तर बसवणी योग्य झाली आणि अडसराची कडी त्याच जागी कायम आवळायला हरकत नाही.